शिट्टी नसलेला कुकर

राइस कुकरला एकच गोष्ट कळते: भांड्याच्या तळाशी पाणी आहे की संपलं. तांदूळ जुना की नवा, डाळ तुरीची की मुगाची, खाणारा भुकेला की आजारी, याचा त्याला पत्ता नसतो. मी बोलते आहे ते एका खटक्याच्या साध्या कुकरबद्दल. काचेचं झाकण, आत अॅल्युमिनियमचं भांडं, पुढे दोन दिवे. इकडच्या तेलुगू बायका त्याला ‘करंट कुकर’ म्हणतात आणि हैदराबादेत तो नसलेलं स्वयंपाकघर शोधावं लागेल.

आमच्या मराठी घरांत मात्र तो उशिरा आला. आमचं स्वयंपाकाचं घड्याळ म्हणजे शिट्टी. भाताच्या तीन, वरणाच्या पाच, आणि मधे फोन आला तर ‘किती झाल्या गं?’ म्हणून ओरडायचं. माधापूरला नोकरी करणारी, लातूर-नांदेडकडची मुलं नवा कुकर घेतला की मला विचारतात, “काकू, शिट्ट्या किती घ्यायच्या?” मी म्हणते, “शिट्टीच नाही रे याला. पाणी मोजून घाल आणि बाजूला हो.” बाजूला होणं त्यांना जड जातं. झाकण उचलून बघणं, चमच्याने ढवळणं, शीत दाबून पाहणं ही आपल्या हातांची जुनी खोड. इथे जे काही करायचं ते खटका दाबण्याच्या आधी करून मोकळं व्हावं लागतं.

खटका आपोआप कसा उडतो, हे कळलं की निम्मा कुकर कळला. भांड्यात पाणी आहे तोवर त्याचा तळ पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या फारसा वर जात नाही. पाणी तांदळात मुरलं, थोडं वाफ होऊन गेलं, की तळ भराभर तापतो. खालच्या गरम तबकडीच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली एक गोल चकती असते. तिच्यात चुंबक आणि त्याला चिकटलेला फेराइटचा तुकडा. साधारण १०३ अंशांना फेराइटचं चुंबकत्व जातं, स्प्रिंग दोघांना सोडवते आणि टक्‌ असा आवाज होतो. ठरावीक तापमानाला चुंबकत्व नाहीसं होतं हे पिअर क्यूरीने १८९५च्या आपल्या प्रबंधात मांडलं होतं. हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरचं त्याने काही अडत नाही. तो उकळण्याची वाट पाहत नसतो, उकळणं थांबण्याची पाहत असतो.

म्हणूनच भांड्याची बाहेरची बाजू कोरडी पुसून ठेवावी लागते. तबकडीवर एक शीत पडलेलं राहिलं तरी चकती तळाला नीट टेकत नाही. मग भात करपतो आणि बोलणी तांदळाला बसतात.

पहिला घरगुती स्वयंचलित कुकर जपानात तोशिबाने डिसेंबर १९५५मध्ये बाजारात आणला. तो बनवला योशितादा मिनामी या छोट्या कारखानदाराने, पण महिनोन्‌महिने भात शिजवून तापमानं आणि वेळा टिपल्या त्या त्याच्या बायकोने, फुमिकोने. त्या कुकरला दोन भांडी होती, एकात एक. बाहेरच्यात मोजकं पाणी, ते संपायला सुमारे वीस मिनिटं लागत, आणि ते संपलं की द्विधातूची पट्टी वाकून वीज तोडायची. म्हणजे तेव्हाही कुकरला तेवढं एकच कळत होतं. बाकीचं फुमिकोला ठाऊक होतं.

इथलं ‘बाकीचं’ तांदळाच्या दुकानापासून सुरू होतं. आमचं मूळ गाव लातूर जिल्ह्यातलं. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला आणि आमच्यासारखी काही घरं इथेच, हैदराबादच्या काचीगुड्यात राहून गेली. भाकरीच्या घरात भात म्हणजे सणाचं किंवा आजाऱ्याचं अन्न. तांदळातलं आम्हांला काय कळणार? ते शिकवलं दुकानांनी आणि शेजारणींनी. इथे नुसता ‘तांदूळ द्या’ म्हटलं तर दुकानदार तुमच्याकडे पाहत राहतो. सोना मसुरी की बीपीटी की एचएमटी? आणि लगेच दुसरा प्रश्न, जुना की नवा? बीपीटी ५२०४ म्हणजे सांबा मसुरी, बापटल्याच्या संशोधन केंद्रातून १९८६ साली आलेली. पुढे इथल्याच सीसीएमबी या संशोधन संस्थेने आणि राजेंद्रनगरच्या भात संशोधन संस्थेने मिळून तिला जिवाणूजन्य करपा रोगाशी झुंजणारं वाण करून दिलं. एचएमटी तर आपलीच. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे (गोदाकाठचं नांदेड वेगळं). तिथल्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३च्या सुमारास ‘पटेल ३’च्या उभ्या पिकात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी जपलं, वाढवलं. नाव पडलं ते तेव्हाच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून. खोब्रागडे २०१८ साली गेले. हैदराबादच्या कुठल्याही मोंढ्यात त्यांच्या तांदळाची थप्पी दिसते आणि त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं. हे मला फार लागतं.

(पोती इथे २६ किलोची मिळतात. २०२२च्या जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी आला, तेव्हा गिरण्यांनी एक किलो वाढवून टाकला. करापेक्षा तांदूळ हुशार.)

जुन्या तांदळाला पाणी जास्त लागतं, नव्याला कमी. सहा महिने ते वर्षभर मुरलेल्या बीपीटीला वाटीला सव्वादोन वाट्या, नुकत्याच भरडलेल्या नव्याला पावणेदोनही पुरतात. नव्या पोत्याचा पहिला भात चाचणीचा धरायचा, मग त्या पोत्यापुरतं माप पक्कं. कुकरबरोबर येणारा प्लास्टिकचा कप बहुधा १८० मिलिलिटरचा असतो. ते जपानी ‘गो’चं माप. पाककृतीतला कप त्याहून मोठा, तेव्हा दोन्ही मिसळू नयेत. ज्या वाटीने तांदूळ, त्याच वाटीने पाणी, एवढं पाळलं की झालं. तांदूळ दोनतीन पाण्यांतून धुऊन वीस मिनिटं भिजवावा. टक्‌ झाल्यावर झाकण दहा मिनिटं उघडू नये. वरच्या थरातली ओल खाली उतरायला तेवढा वेळ लागतो.

डाळीपाशी कुकरची खरी अडचण कळते. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, इथे शंभरच्या खालीच. तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाताखाली येते, त्यातून पाणी बोअरचं असेल तर विचारूच नका. जड पाण्यातल्या क्षारांमुळे डाळीच्या पेशी मऊच होत नाहीत. आमच्याकडे नळाला कधी मांजरेचं पाणी यायचं, तेव्हा वरण लोण्यासारखं शिजायचं. मांजरा म्हणजे बीडच्या बालाघाटात उगवणारी, लातूरवरून वाहत येणारी आमचीच नदी. इथे तिला मंजिरा म्हणतात. कुकरसाठी तूर सोडून द्यावी आणि मूग किंवा मसूर घ्यावी. हैदराबादी घरांतली सकाळची खिचडी मसुरीचीच असते. सोबत तीळ-चिंचेचा खट्टा आणि खिमा. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी डाळ, हळद, मीठ आणि चार वाट्या पाणी. टोमॅटो किंवा चिंच आधी घालू नये, आंबटाने डाळ हटून बसते. भांडं निम्म्याच्या वर भरू नये, नाहीतर फेस झाकणातून ओघळून ओट्यावर येतो.

दाट पदार्थांत कुकर फसतो. ज्वारीच्या कण्या मी रात्री भिजत घालते आणि सकाळी चौपट पाण्यात लावते. कण्या आटत आल्या की लापशी तळाशी बसते, तिथलं पाणी आधी संपतं आणि खटका उडतो. वर मात्र अजून कच्चंच. हे ठाऊक असलं की सोपं आहे. खटका उडाला की ढवळावं, पाव वाटी गरम पाणी शिंपडावं, दोन मिनिटं निवू द्यावं आणि पुन्हा दाबावा. न निवता दाबला तर चुंबक धरतच नाही. मग ताक, मीठ, वरून लसणाची फोडणी. तांदळाच्या मुलखातल्या यंत्रात ज्वारी शिजते, याचं माझ्या आईला फार हसू यायचं.

फोडणी कुकरच्या भांड्यात करू नये, असं माझं ठाम मत आहे. तेल शंभरच्या पुढे गेलं की खटका उडतो, आणि मोहरी तडतडायला त्याहून बरंच जास्त लागतं. काही मुलं खटका बोटाने दाबून धरतात. त्याने चकती बिघडते. कढल्यात वेगळी फोडणी करून ओतावी. मसालेभातालाही तसंच. तोंडली, मटार, गोडा मसाला फोडणीत परतून तांदळावर घालायचं, मग पाणी. पुलिहोऱ्याला, म्हणजे चिंचेच्या भाताला, वाटीला पाव वाटी पाणी कमी, दहीभाताला अर्धी वाटी जास्त. वरच्या जाळीच्या ताटलीत दोन अंडी नाहीतर दोडक्याचे तुकडे ठेवले की एकाच वाफेत कालवणाचंही भागतं.

अमेरिकेतला चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट याने २०१० साली राइस कुकरवर अख्खं पुस्तक लिहिलं. लहान खोलीत एकटं राहणाऱ्यांसाठी. २००६च्या शस्त्रक्रियांनंतर त्याला स्वतःला तोंडाने काहीच खाता येत नव्हतं. हे मी इथल्या मुलांना सांगते तेव्हा ती क्षणभर गप्प होतात आणि मग विचारतात, “पण काकू, रात्रीसाठी सकाळचाच भात वॉर्मवर ठेवला तर?” नाही. तासाभरात तळ वाळतो. वीज गेली तर भात कोमट राहतो, आणि कोमट भातात शिजवूनही न मरणारे बीजाणू पुन्हा वाढायला लागतात. उरलेला भात लवकर निववून फ्रिजमध्ये, सकाळी फोडणीचा.

चार माणसांपर्यंत कुकर पुरतो. पाहुण्यांनी बगारा अन्न मागितलं, की मी खटक्याकडे बघतही नाही. पुदिना, कोथिंबीर, खडा मसाला परतायचा, तांदूळ तुपात फिरवायचा, आणि त्यासाठी जाड बुडाचं पातेलं गॅसवर चढतं. राइस कुकर तेव्हा शेजारच्या पोरांना उसना दिलेला असतो.