भोपळ्यातला दिवा



31 ऑक्टोबर ही सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या. आयरिश लोक तेव्हा सलगम कोरत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा मिळाला.

आम्ही जवाहर चौकातून लाल भोपळा आणतो. मुले त्यावर पेनाने क्रूस, तारा काढतात, चमच्याने गर काढतात. सुरी मोठ्यांच्याच हाती. भुताचा चेहरा आम्ही कोरत नाही. यंदा आमच्या लेकरांची आजी प्रभूकडे गेली. मरणाची त्यांना भीती नको, पुनरुत्थानाची आशा हवी. आत दिवा लावून आम्ही आजीचे नाव घेतो, प्रार्थना करतो. गराचे गूळ घालून केलेले घारगे शेजारी देतो.

भोपळा रिकामा होतो, तेव्हाच त्यात दिवा मावतो. प्रभू येशू, आमच्यातला मीपणाही असाच काढून टाक. आमेन.