गाळाने घडवलेलं कोची

एर्नाकुलमच्या हायकोर्ट धक्क्यावरून सुटणारी वॉटर मेट्रो म्हणजे गारेगार लाँचच. डिझेलचा वास आणि धडधड तेवढी वजा. २०२३पासून विजेवरच्या या होड्या कोचीच्या बेटांमधून फिरतात. उजव्या हाताला वल्लारपाडम टर्मिनलच्या अजस्र क्रेन, डावीकडे विलिंग्डन बेट. फोर्ट कोचीला पोचायला वीसेक मिनिटं लागतात, आणि एवढ्या वेळात खिडकीबाहेर जे पाणी दिसतं तेच या शहराचं खरं वारसास्थळ, असं माझं मत आहे. किल्ले-चर्चं नंतरची.

मिरीच्या व्यापाराचं जुनं ठाणं उत्तरेला, मुझिरिसला. १३४१मध्ये पेरियार नदीच्या महापुराने मुझिरिसचं तोंड गाळाने बुजलं आणि इकडे समुद्राची वाट मोकळी झाली, असं मानतात. व्यापारी सरकले. मिरीच्या मागावर मग पोर्तुगीज आले, १६६३मध्ये डच, १७९५मध्ये इंग्रज.

वाट झाली तरी तोंडाशी वाळूचा दांडा होताच. मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकत, माल पडावांतून आत येई. १९२०मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो हा इंजिनिअर आला आणि त्याने दांडा फोडायचं मनावर घेतलं. १९२८मध्ये ‘पद्मा’ हे जहाज आत शिरलं. आता उपसलेला एवढा गाळ टाकायचा कुठे? त्याचंच विलिंग्डन बेट वाढवलं! आज तिथे बंदराची कचेरी आहे, नौदल आहे. गाळ मात्र हटायला तयार नाही. ड्रेजर आजही चालूच असतात.

फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची रिकामी कबर आहे. १५२४मध्ये तो इथेच वारला. पुढे अस्थी पोर्तुगालला नेल्या. चर्च पोर्तुगीज कॅथलिकांचं होतं, डचांनी ते प्रोटेस्टंट केलं, इंग्रजांनी अँग्लिकन. सत्ता बदलली की प्रार्थना बदलायची, भिंती त्याच. किनाऱ्यावरच्या चिनी जाळ्यांपाशी गर्दी जास्त. जाळं वर येतं तेव्हा मासे मूठभर, जलपर्णी ढीगभर आणि मोबाइल असंख्य.

मी मात्र रमलो मट्टांचेरीत, चेरळाईच्या तिरुमल देवस्वम मंदिराच्या आसपास. मल्याळी हेल काढलेली कोंकणी कानावर पडते आणि पाय आपोआप रेंगाळतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोवा सोडलेली ही सारस्वत मंडळी. गंमत अशी, की आसरा घेतला तो पोर्तुगीजांचाच किल्ला असलेल्या गावी. पण किल्ल्याबाहेर, कोचीच्या राजाच्या छायेत.

पुढे डच गव्हर्नर व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याला झाडपाल्याची माहिती पुरवणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोंकणी वैद्यही. तिघांनी १६७५मध्ये आपल्या कामाचा दाखला लिहून दिला, कोंकणीत, नागरी अक्षरांत. १६७८मध्ये ॲमस्टरडॅमला पहिला खंड निघाला, त्यात ते पान हस्ताक्षरासकट कोरून छापलेलं आहे. गव्हर्नरांच्या तसबिरी पाहण्यापेक्षा मला त्या पानावरचं तिघांचं वळण न्याहाळायला अधिक आवडेल.