गोठ्यातले पितळ

पितळ म्हटले की आपल्याला कळशी, हंडा आणि समई आठवते. पण अंबरनाथच्या परिसरात पितळ म्हणजे कारखान्याचा भोंगा आणि महिन्याचा पगार. तिथला सरकारी दारूगोळा कारखाना 1953 सालचा. 2021 पासून तो ‘यंत्र इंडिया’ या सरकारी कंपनीकडे आहे. काडतुसांना लागणाऱ्या पितळी वाट्या तिथे तयार होत आल्या. अंबरनाथ-बदलापूरच्या कितीतरी शेतकरी घरांतला एखादा मुलगा अशा कारखान्यात लागला आणि बाकीची भावंडे खाचरात राहिली. आमच्या घरीही तसेच होते.

आमची खाचरे बदलापूरच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला. भात पिवळे पडू लागले की रानडुकरे एका रात्रीत अख्खे खाचर लोळवून जात. माझे चुलते, तात्या, यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर तीनशे पंधरा बोअरची रायफल होती. 1983 च्या आश्विनात डुकरे पिटाळायला त्यांनी हवेत बार काढला, आणि खटका काही केल्या मागे येईना. गोळीचे रिकामे टरफल आतच अडकले होते. तात्यांनी ठोकाठोक केली नाही. सकाळी परवानाधारक कारागिराकडे गेले. टरफल निघाले, तेव्हा त्याच्या तोंडाला उभी चीर होती आणि नळीत ते बसते त्या घरात गंजाचे खड्डे पडले होते.

कारखान्यात काम करणारे माझे मामा त्या रविवारी आले. टरफल हातात फिरवून त्यांनी विचारले, “तात्या, गोळ्या ठेवता कुठं?”

“गोठ्यातल्या कोनाड्यात. तिथं पोरांचा हात पोचत नाही.”

“मग बरोबर. गोमूत्रानं पितळ खाल्लं.”

आम्ही हसलो, पण मामांनी सगळे उलगडून सांगितले. काडतुसाच्या पितळात सुमारे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. बार होताच टरफल फुगून नळीला घट्ट बसते, म्हणून धूर मागे येत नाही. लगेच ते किंचित आकसते, म्हणून बाहेर निघते. घर गंजलेले असेल, तर फुगलेले पितळ खड्ड्यांत रुतून बसते.

आणि चीर? वाटी ओढून ओढून नळकांडे करताना पितळात ताण साठतो. तांबट भांडे ठोकताना मधूनमधून तापवून मऊ करतो, ते त्यासाठीच. ताण उरला आणि ओलसर हवेत अमोनिया लागला, की पितळ आपोआप तडकते. गोठ्यात मुताचा जो उग्र वास नाकाला झोंबतो, तोच हा अमोनिया. इंग्रजी अमलात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ ठेवलेली काडतुसे अशीच तडकत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या शास्त्रज्ञांनी 1921 साली त्याचे कारण मांडले. तेव्हापासून टरफले बेताने तापवून ताण उतरवण्याची रीत पक्की झाली.

गोळ्या महाग, म्हणून कोणीतरी तात्यांना रिकामी टरफले पुन्हा भरून आणण्याचा सल्ला दिला होता. मामा म्हणाले, “एकदा फुगलेलं पितळ दर खेपेला कडक होतं. बुडाशी तुटलं, तर जाळ तोंडावर येतो. डोळ्यापेक्षा भात मोठं आहे का?” शिवाय परवान्यावाचून काडतूस बनवणे 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. तात्यांनी तो विषय तिथेच संपवला.

ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांनी एवढे जरूर करावे. काडतुसे गोठ्यात किंवा युरियाच्या पोत्यांशेजारी ठेवू नयेत. कोरड्या जागी, कुलपात ठेवावीत. पावसाळ्याआधी व नंतर नळी कारागिराकडून पाहून घ्यावी. चीर, हिरवट डाग किंवा काळपटपणा दिसला, तर ती गोळी वापरू नये. आणि आजीची जुनी पितळी कळशी गोठ्यात पडली असेल, तर तीही घरात आणा. उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडे तडकलेल्या कळशीचे नुसते वजन होते. तिच्यातले पाणी तो परत देत नाही.