आप्पांची ढोलकी

परवा आमच्या गल्लीत वरात होती. बँडवाल्यांनी ‘पिंजरा’तली लावणी धरली आणि सत्तरी ओलांडलेली आम्ही चार-पाच मंडळीही त्यात घुसलो. (गुडघ्यांनी दुसऱ्या दिवशी व्याजासकट वसूल केलं.) घरी आल्यावर मात्र आप्पा आठवत राहिले.

आमचे आप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. घरात त्यांच्या आधी त्यांच्या धोतराचा तंबाखूचा वास यायचा, की आई लगेच रेडिओचा कान पिरगाळायची. सांगली केंद्रावर लावणी लागलेली असायची ना! “बंद करा ते,” एवढंच ते म्हणत, पण नजरेनंच घाम फुटायचा.

१९७२ साली शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ आला. तेव्हा मी अर्जुननगरला देवचंद कॉलेजात बी.कॉम. करत होतो. गाव कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात, असं आमचं सगळं. निपाणीत कुणी बघेल म्हणून कोल्हापूरला जाऊन तीनदा पाहिला. पुस्तकांच्या नावाखाली पैसे घेतले होते. राम कदमांच्या संगीतातली ढोलकी, खेबुडकरांचे शब्द, उषाताईंचा आवाज आणि पडद्यावर संध्या! कॉस्ट अकौंटिंगची वही उघडली तरी डोक्यात ढोलकीच.

पुढं बँकेत लागलो, बेळगावला बदली झाली. १९८१ ला निपाणीत तंबाखूचं मोठं आंदोलन झालं, त्याच्या पुढच्या वर्षी आप्पांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. शनिवारी बँक अर्धा दिवस, की मी निपाणीची एस.टी. पकडायचो.

अशाच एका शनिवारी रात्री, आप्पा झोपलेत असं समजून, मी टेपवर ‘पिंजरा’ची कॅसेट लावली. आवाज अगदी बारीक. तिशीतला बँक ऑफिसर, पण भीती तीच. थोड्या वेळानं टक्‌टक् ऐकू यायला लागलं. बघतो तर आप्पांचा डावा हात खाटेच्या लाकडावर पडत होता. सम चुकत नव्हती.

मी आईकडं बघितलं. ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, “लग्नाआधी फडात ढोलकी धरायचे की रे ते. तुझ्या आज्जानं ती मोडून चुलीत घातली. परत कधी नाव काढलं नाहीत.”

ढोलकीला धुमाची बाजू डाव्या हाताला असते, हे मला नंतर कळलं. आप्पांकडं तेवढीच उरली होती, उजवी बाजू कॅसेटमधून यायची. दहा वर्षं मी त्यांना चोरून गाणी ऐकली, आणि त्यांनी तर त्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःलाच चोरून. एकदा तरी विचारायला हवं होतं.

त्यानंतर ते वर्षभर होते. दर शनिवारी मी पायरी चढलो, की डाव्या हाताचं एक बोट टेपकडं जायचं. आणि कॅसेटची एक बाजू संपली, की तेच बोट हवेत उलटं फिरायचं.

आवाज मात्र आता मोठा ठेवायचो.