उंबरठ्यावरची माणसं

आई पहिल्यांदा ताजमध्ये गेली तेव्हा ती 71 वर्षांची होती. त्याआधीची पन्नास वर्षं तिने ती इमारत बाहेरूनच पाहिली. वडील गोदीत कारकून. रविवारी संध्याकाळी ते आम्हाला गिरगावातून गेटवेवर न्यायचे, चण्या-शेंगदाण्याची एकेक पुडी हातात द्यायचे आणि कठड्यावर समुद्राकडे पाठ करून बसायचे. "तो मोठा घुमट दिसतो ना, तो बंदरात शिरणाऱ्या जहाजांची खूण आहे," हे दर रविवारी नव्याने सांगायचे. त्यामुळे ताज म्हणजे जहाजांना वाट दाखवणारं काहीतरी, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. तिथे माणसं उतरतात, झोपतात, सकाळी उठून चहा पितात, हे फार उशिरा कळलं.

वडील गेले, मला बरी नोकरी लागली आणि 2012 मध्ये एका दुपारी मी आईला तिथे चहाला घेऊन गेले. तिने कपाटातली इस्त्रीची सुती साडी काढली होती. दाराशी उंचापुरा, फेटा बांधलेला माणूस उभा होता. त्याने दार उघडून धरलं, आणि आई उंबरठ्यापाशी थांबून चपला काढायला वाकली. एवढ्या स्वच्छ जागेत आपण चपला घालून कसं जायचं, इतकाच तिचा साधा हिशोब. मी काही बोलायच्या आत तो माणूस तिच्याएवढाच खाली वाकला आणि हलक्या आवाजात, मराठीत म्हणाला, "राहू द्या आई, घालूनच या." त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, घाई नव्हती. मागे दोन परदेशी पाहुणे खोळंबले होते. आई सरळ उभी राहून पदर सारखा करेपर्यंत त्याने त्यांनाही थांबवून ठेवलं.

पुढे औषधांच्या कंपनीतल्या कामाने मला बरंच फिरवलं. चांगल्या हॉटेलांत राहण्याची संधी मिळाली आणि मला ती मनापासून आवडली, हे सांगायला संकोच वाटत नाही. जाड पडदे, कडक इस्त्रीच्या चादरी, सकाळी खिडकीशी मांडलेली न्याहारी यांत मोठं सुख आहे. पण हॉटेल लक्षात राहतं ते त्याच्या दारामुळे, हे मी त्या दुपारपासून मानत आले आहे. आपण आत पाऊल टाकतो तेव्हा समोरचं माणूस आपल्यासाठी किती थांबतं, यावर मी हॉटेल तोलते.

ताजचं दार हा तसा स्वतंत्रच विषय आहे. हॉटेल उघडलं 16 डिसेंबर 1903 रोजी, पहिले पाहुणे 17. गेटवे ऑफ इंडिया पूर्ण झालं 1924 मध्ये. म्हणजे वीस वर्षं बोटीने येणाऱ्या माणसाला मुंबईने पहिलं दर्शन दिलं ते जमशेटजी टाटांच्या या हॉटेलचं. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि ते पाहून आर्किटेक्टने जीव दिला, ही गोष्ट मुंबईत अजून चवीने सांगतात. ती खोटी आहे. मूळ प्रवेश शहराच्या बाजूनेच होता, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे गाड्या येऊन थांबायच्या. समुद्र आणि त्याचा वारा खोल्यांसाठी राखला होता. आराखड्याचं काम सुरू केलं ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. वैद्यांच्या निधनानंतर ते डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. मधल्या प्रसिद्ध जिन्याचं श्रेय बांधकामाचे कंत्राटदार सोराबजी यांना देतात. गेटवेवर शेंगदाणे खाताना वैद्यांचं नाव कोणी सांगितलं असतं तर हा माणूस आपल्याच चाळीतला वाटला असता.

त्या जिन्यापाशी जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. आईने त्याला नमस्कार केला, कठड्यावर हात ठेवला आणि मान वर करून बराच वेळ घुमटाकडे पाहत राहिली. बाहेरून पन्नास वर्षं पाहिलेला घुमट आतून असा दिसतो, पोकळ आणि उजेडाने भरलेला. "ह्यांना दाखवायला हवं होतं," एवढंच ती म्हणाली.

चहाला जाण्याआधी ती आणखी एका ठिकाणी थांबली. 2008 च्या नोव्हेंबरमधल्या हल्ल्यात या हॉटेलात गेलेल्या 31 जणांची नावं तिथे लिहिलेली आहेत. आईने चष्मा लावला आणि एकेक नाव ओठ हलवत वाचलं. त्या रात्री भटारखान्यातली, वाढपी, खोल्यांची देखभाल करणारी माणसं पाहुण्यांना मागच्या वाटांनी बाहेर काढत होती. मागची दारं त्यांना ठाऊक होती, ती आधी स्वतः निघून जाऊ शकली असती. कितीतरी जण गेले नाहीत. नव्या इमारतीतलं हॉटेल महिन्याच्या आत, 21 डिसेंबरला पुन्हा उघडलं. जुनी इमारत 15 ऑगस्ट 2010 रोजी. त्या दुपारनंतर मी जगात कुठेही गेले तरी दार उघडणाऱ्या माणसाकडे नुसती मान हलवून आत जाणं मला जमलेलं नाही.

कोलंबोला गॉल फेस हॉटेल आहे, 1864 चं. पुढे मैदान, बाजूला थेट हिंदी महासागर. सूर्य बुडताना तिथला ध्वज उतरवतात, लाटांचे तुषार हिरवळीपर्यंत येतात. पण या हॉटेलचं खरं वैभव कित्येक वर्षं त्याच्या पायऱ्यांवर उभं होतं. कोट्टरपट्टू चट्टू कुट्टन. केरळातून पोटासाठी सिलोनला आलेला पोरगा 1942 मध्ये या हॉटेलात कामाला लागला आणि सत्तरहून अधिक वर्षं तिथेच राहिला. मी गेले तेव्हा ते नव्वदी ओलांडलेले. पांढरा शुभ्र पोशाख, छातीवर बिल्ले, गालांवर पसरलेल्या पांढऱ्या मिशा. त्यांनी दोन्ही हात जोडून "आयुबोवन" म्हटलं. सिंहलींचा हा नमस्कार; दीर्घायुषी व्हा, असा त्याचा अर्थ. त्यातला 'आयु' आपलाच. नव्वदीतल्या माणसाने आपल्याला दीर्घायुष्य चिंतावं आणि आपण नुसती पेटी घेऊन पुढे जावं, हे मला अवघडच गेलं. मी वाकून नमस्कार केला. 2014 मध्ये ते गेल्याची बातमी वाचली तेव्हा वय दिलं होतं 94.

सिंगापूरच्या रॅफल्सच्या दारातही फेटेवाले शीख उभे असतात. ते हॉटेल 1887 मध्ये सार्कीज या आर्मेनियन भावांनी एका बंगल्यात सुरू केलं. तिथल्या बारमध्ये शेंगांची टरफलं जमिनीवर टाकायची पद्धत आहे. ती पायाखाली कुरकुरली आणि मला गेटवेचा कठडा आठवला, याहून जास्त त्या हॉटेलविषयी मला सांगायचं नाही.

इस्तंबूलच्या पेरा पॅलेसवर मात्र माझा जीव आहे. ओरिएंट एक्स्प्रेसने येणाऱ्या प्रवाशांसाठी 1892 मध्ये ते बांधायला घेतलं. दोन-तीन दिवस आगगाडीत घुसळून निघालेला माणूस सिरकेजी स्टेशनावर उतरला की त्याला चक्क पालखीत बसवून टेकडीवर आणायचे. ती पालखी अजून हॉटेलात ठेवलेली आहे. आणि जिन्याच्या मधोमध लोखंडी जाळीची, लाकडी खोलीची जुनी विजेची लिफ्ट. बसायला बाक आहे. ती इतकी हळू चढते की प्रत्येक मजला आधी डोळ्यांसमोर येतो, रेंगाळतो, मग पायाखाली जातो. मला वर जायची काहीच घाई नव्हती. पालखी काय किंवा तो बाक काय, माणूस दमून आला आहे हे कोणीतरी आधीच ओळखलेलं होतं.

हे सगळीकडे ओळखतात असं नाही. एका वाळवंटी शहरातल्या काचेच्या उंच हॉटेलात मी रात्री दोन वाजता पोहोचले. दार आपोआप उघडलं, यंत्राने पासपोर्ट वाचला, यंत्रानेच खोलीचं कार्ड दिलं. खोली डोळे दिपवणारी. सकाळी निघेपर्यंत माझ्याशी एक माणूस बोललं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जपानमध्ये, यामानाशीच्या डोंगरात, निशियामा ऑनसेन केइउनकान नावाची गरम पाण्याच्या झऱ्यावरची सराई आहे. सुरुवात 705 सालची. आपल्याकडे तेव्हा बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. वेरूळच्या कैलासासाठी अजून कोणी छिन्नी उचललेली नव्हती. जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनीज बुकात तिचं नाव आहे, आणि एकाच घराण्याच्या 52 पिढ्यांनी ती सांभाळली. नदीचा आवाज रात्रभर येतो. खोलीत चटया, मधे बुटकं टेबल, चहा आणि एक गोड वडी. आपण जेवून येईपर्यंत गाद्या घातलेल्या असतात.

पण सांगायचं आहे ते दाराचं. तिथे उंबरठ्यापाशी मी बूट काढायला वाकले. ते काढायचेच असतात. किमोनोतली बाई समोर गुडघ्यांवर बसली, मी आत गेल्यावर तिने माझे बूट दोन्ही हातांनी उचलून फिरवले आणि टाचा आत, टोकं बाहेर असे जोडून ठेवले, निघताना पाय सरळ आत जावेत म्हणून.

रात्री आईला फोन केला. म्हटलं, "आई, इथे चपला दाराबाहेरच काढतात."

"बरोबर आहे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि निघताना पोहोचवायला येतात का गं कोणी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुटली तेव्हा ती बाई आणि आणखी चौघं दारात ओळीने उभी होती. ती कमरेतून वाकली, मग हात हलवायला लागली. रस्ता नदीला धरून लांबपर्यंत सरळ होता. मी काच खाली करून मागे वळून बसले. माणसं बोटाएवढी झाली, हात दिसेनासे झाले, तरी कोणी आत गेलं नव्हतं. वळण आलं तेव्हाही ती तिथेच होती.