चाळिसाव्या वर्षी ऐकलेले गाणे

व्यापारी घरात वाढदिवसाच्या वाट्याला स्वतंत्र दिवस क्वचितच येतो. सकाळी मंदिरात दर्शन, यथाशक्ती दान, वडीलधाऱ्यांना नमस्कार आणि जेवणात एखादा गोड पदार्थ, एवढे झाले की नेहमीच्या वेळी दुकानाचे शटर वर जाते. ज्याचा जन्म लग्नसराईतला, त्याला तर तेवढीही उसंत नसते. सोलापुरातील एका कापड व्यापाऱ्यांचा जन्म १ फेब्रुवारीचा. १९८७ मध्ये, ते एकोणीस वर्षांचे असताना वडील गेले आणि महाविद्यालय अर्धवट सोडून ते गादीवर बसले. त्यानंतरचे वीस वाढदिवस लग्नाच्या बस्त्यासाठी आलेल्या गिऱ्हाइकांपुढे साड्यांच्या घड्या उलगडण्यात गेले. त्याची त्यांनी कधी तक्रार केली नाही. धाकट्या भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न, वडिलांच्या वेळची देणी, सारे त्यांनी एकेक करून पार पाडले.

मात्र माळ्यावर एका जुन्या चादरीत बांधलेले गाठोडे होते. त्यात कॅसेटी होत्या. १९८५ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मुंबईच्या आतेभावाने त्यांना एक कॅसेट भरून दिली होती. आयर्न मेडन या इंग्लंडमधील वाद्यवृंदाचा तो ‘पॉवरस्लेव्ह’ नावाचा संग्रह होता. हेवी मेटल हा प्रकार त्या वयापर्यंत त्यांनी ऐकलेलाच नव्हता. गिटारचा स्वर विजेच्या साहाय्याने मुद्दाम जाड आणि खरखरीत केलेला, ढोलांचा वेग दम न घेणारा, बास गिटारची चाल घोड्याच्या टापांसारखी. पहिल्यांदा ऐकताना तो केवळ गोंगाट वाटला. दहाव्यांदा ऐकताना त्या गोंगाटाच्या आत दोन गिटारी एकच चाल थोड्या अंतराने, एकमेकींच्या हातात हात घालून वाजवीत आहेत, हे कानांना कळले. ज्याला तलम कापडातील ताणा-बाणा बोटांनी ओळखण्याची सवय लागायची होती, त्याच्या कानांनी ही वीण आधीच ओळखली होती. दुकान अंगावर आल्यावरही रात्री हिशेब मिटला की कधीतरी ते कानाला हेडफोन लावून बसत. लग्न झाले, मुले झाली आणि ते बसणेही थांबले.

दिवाळीच्या आवराआवरीत हे गाठोडे त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती लागले. वडिलांच्या तरुणपणाविषयी तिला दुकानाखेरीज काहीच ठाऊक नव्हते. काही आठवड्यांनी तीच बातमी घेऊन आली: आयर्न मेडन मुंबईत येणार होते आणि दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर १ फेब्रुवारी २००८ रोजी, शुक्रवारी होता. म्हणजे वडिलांच्या चाळिसाव्या वाढदिवशी.

घरात विरोध झाला, तो रागाचा नव्हता, काळजीचा होता. हे सैतानाचे संगीत आहे, असे कोणीतरी नातेवाइकाने आजींच्या कानावर घातले होते. ही समजूत जुनीच होती. १९८२ साली या वाद्यवृंदाने श्वापदाच्या आकड्यावरून नाव ठेवलेला संग्रह काढला, तेव्हा अमेरिकेत काही मंडळींनी त्यांच्या ध्वनिमुद्रिका जाहीरपणे जाळल्या होत्या. ते गाणे मुळात एका भीतिदायक स्वप्नावरून सुचलेले होते. आईच्या समाधानासाठी व्यापाऱ्यांनी वाद घातला नाही. त्यांनी ‘पॉवरस्लेव्ह’मधील सर्वांत लांब, तेरा मिनिटांहून मोठ्या गाण्याची गोष्ट तिला सांगितली.

ही गोष्ट इंग्रज कवी कोलरिज यांच्या १७९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकवितेतून घेतलेली आहे. एक गलबत दक्षिणेच्या हिमात अडकते. एक मोठा समुद्रपक्षी येतो आणि गलबत मोकळ्या पाण्यात येते. पण एक खलाशी काही कारण नसताना त्या पक्ष्याला बाण मारून ठार करतो. मग वारा पडतो, चहूकडे पाणी असून पिण्यास थेंब मिळत नाही आणि सोबती तो मेलेला पक्षी त्याच्या गळ्यात अडकवतात. एकेक करून सगळे मरतात, हा एकटा उरतो. अखेर पाण्यात खेळणाऱ्या सापांकडे पाहून त्याच्या मनात नकळत प्रेम दाटते आणि तो त्यांचे भले चिंततो. त्याच क्षणी गळ्यातला पक्षी आपोआप गळून पडतो. पुढे जन्मभर जीवमात्रावर प्रेम करा, हे तो भेटेल त्याला सांगत फिरतो.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे तर आपल्याच घरातलं सांगणं झालं. मग एवढा आरडाओरडा कशाला?”

“आई, भर बाजारात हळू बोललेलं कोणाला ऐकू येतं?” चिरंजीवांनी उत्तर दिले. त्या हसल्या आणि निघताना दोघांच्या कानांसाठी कापसाची पुडी त्यांनी स्वतः बांधून दिली.

खरा अडसर आईचा नव्हता, तो गादीचा होता. लग्नसराईतला शुक्रवार आणि दुकानात मालक नाही, ही गोष्ट वीस वर्षांत घडली नव्हती. धाकटे बंधू पस्तिशीचे होते. खरेदीचा भाव, उधारी, तिजोरीची किल्ली या तिन्ही गोष्टी मात्र थोरल्यांच्याच हाती होत्या. “दादा, तुम्ही जा. मी आहे,” असे त्यांनी म्हटले, तेव्हा त्या चार शब्दांत किती वर्षांची वाट पाहणे होते, हे थोरल्यांना त्या वेळी जाणवले नाही. त्यांनी किल्ली दिली खरी, पण सूचनांचा एक लांबलचक कागदही सोबत दिला.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने बाप-लेक निघाले. मुंबई त्यांना परकी नव्हती. मूळजी जेठा मार्केटच्या गल्ल्या त्यांना डोळे मिटूनही फिरता आल्या असत्या. पण नमुन्यांची पिशवी न घेता ते मुंबईत प्रथमच उतरत होते. सकाळी भुलेश्वरकडे मंदिरात दर्शन झाले, दुपारी नातेवाइकांकडे विश्रांती झाली. सूर्यास्तापूर्वी मैदानाबाहेर उभे राहूनच त्यांनी दशम्या आणि लसणाविना केलेली शेंगाचटणी खाऊन घेतली. काळ्या शर्टांच्या गर्दीत त्यांचा पांढरा सदरा उठून दिसत होता. कोणी हसले नाही. एका तरुणाने त्यांना पुढे जाण्यास वाट करून दिली आणि केव्हापासून ऐकता, असे विचारले. “पंच्याऐंशी सालापासून,” हे उत्तर ऐकून त्याने चक्क हात जोडले.

या दौऱ्यात व्यापाऱ्याला कौतुक वाटावे अशी एक योजना होती. दूरच्या देशांत सामान आधी पाठवायचे, माणसे मागून न्यायची, यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. म्हणून या मंडळींनी बोइंग ७५७ जातीच्या विमानाचा मागचा भाग मालासाठी मोकळा करून घेतला आणि माणसे व सामान एकत्रच नेले. पंचेचाळीस दिवसांत तेवीस कार्यक्रम त्यामुळेच शक्य झाले. वैमानिकांत स्वतः गायक ब्रूस डिकिन्सन होते. ढोल वाजविणारे निको मॅकब्रेन पंचावन्न वर्षांचे होते. आपण चाळिशीत म्हातारे झालो, असे समजणाऱ्या गृहस्थांना ही वयेच पुरेशी बोलकी होती.

सुरुवात झाली ती चर्चिल यांच्या युद्धकाळातील भाषणाच्या ध्वनिमुद्रणाने आणि त्यापाठोपाठ वैमानिकांवरील गाण्याने. आवाज कानांनी नव्हे, छातीने ऐकावा लागत होता. मुलीने कापूस घट्ट बसवला. वडिलांनी थोड्या वेळाने आपल्या एका कानातील काढून खिशात ठेवला. मध्यावर ते लांब गाणे आले. त्यात एक जागा अशी येते की वाद्ये अगदी हळू होतात आणि गलबताच्या लाकडाची करकर ऐकू येते. इतक्या मोठ्या मैदानावर तशीच शांतता पसरली. मुलीने वळून पाहिले. वडील डोळे मिटून उभे होते, ओठ हलत होते. गाण्याचा शब्दन् शब्द त्यांना पाठ होता. ज्यांना तिने आजवर केवळ भाव, वार आणि मीटर मोजताना पाहिले होते, त्यांच्या आत सतरा वर्षांचा एक मुलगा इतकी वर्षे गुपचूप बसून होता, हे तिला तेव्हा कळले. ती काही बोलली नाही. तिने फक्त त्यांचा हात धरला.

शनिवारी रात्री ते घरी पोहोचले. बंधूंनी शुक्रवारची वही पुढे ठेवली. तीन बस्ते झाले होते, हिशेब पैशापर्यंत जुळलेला होता. सूचनांचा कागद मात्र घडीही न मोडता गल्ल्यात तसाच पडून होता. वही मिटताना थोरल्यांना आनंद झाला आणि बारीकसा चटकाही बसला. आपल्यावाचून दुकान चालते, ही बातमी कोणत्याही मालकाला सहज पचत नाही. रात्रभर ते या गोष्टीचा विचार करीत राहिले. सोमवारी त्यांनी खरेदीचे काम बंधूंकडे सोपविले आणि तिजोरीची दुसरी किल्ली करून त्यांच्या हाती दिली.

वडिलांच्या मागे ज्यांनी घर सावरले, अशी माणसे बहुतेक कुटुंबांत असतात. त्यांच्या त्यागाचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण कौतुकाच्या ओझ्याखाली त्यांची एखादी आवड माळ्यावर जाते आणि ‘मीच हवा’ ही सवय तेवढी गादीवर राहते. पहिलीने त्यांचे नुकसान होते, दुसरीने मागच्या भावंडांचे. दरवर्षी खात्यात पुढे ओढलेली बाकी जशी कधीतरी चुकती करावी लागते, तशी हीही करावी. त्यासाठी मोठा समारंभ लागत नाही. वाढदिवसाचा एक दिवस, घरातल्या कोणाचे तरी ‘तुम्ही जा, मी आहे’ हे शब्द आणि ते ऐकून खरोखर जाण्याचे धैर्य एवढे पुरते.