दोन भोवरे

ज्याच्या डोक्यावर दोन भोवरे, त्याची दोन लग्नं, असं आमच्याकडं म्हातारी माणसं सांगायची. माझं लग्न एकच झालं. भोवरे मात्र दोन आहेत, आणि त्यांचा त्रास बायकोला नाही, केस कापणाऱ्याला होतो.

भोवरा म्हणजे टाळूमागची ती जागा, जिथून केस गोल फिरत उगवतात. तो एक असला तर केस गुमान एका अंगाला पडतात. दोन असले की मधल्या केसांना कुठं जावं ते कळत नाही, मग ते उभेच राहतात. तिथं बारीक कापलं की कोंबड्याचा तुरा झालाच. बोटभर लांब ठेवले की आपल्या वजनानं बसतात. गणित एवढंच.

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावात हे गणित एका माणसाला पाठ होतं. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. दर पंधरा-वीस दिवसांनी ते धोकटी घेऊन ओसरीवर यायचे. सोमवार, शनिवार, एकादशी सोडून. त्या दिवशी आमच्या घरात कुणी केसाला कातर लावू देत नसे. धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, चिमटा, पितळी वाटी आणि वस्तरा घासायचा चामड्याचा पट्टा. वाटीतलं गार पाणी डोक्यावर चोळून ते माझी मुंडी दोन्ही गुडघ्यांत धरायचे. "हालू नको रं बाळा, कान जाईल!" कान कधी गेला नाही. आणि तुराही कधी उभा राहिला नाही.

नोकरीपायी विठ्ठलवाडीला आलो. कल्याण सुटलं की कर्जतच्या वाटेवरचं हे पहिलंच स्टेशन. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीत वसवलं, म्हणून लोक अजूनही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. सलूनं तर पावलापावलाला. आरसे, एसी, भिंतीवर क्रिकेटवाल्यांचे फोटो. खुर्चीत बसलं की पोरगा विचारतो, "अंकल, कौनसा नंबर मारू?" एक नंबर म्हणजे तीन मिलिमीटर, दोन म्हणजे सहा. मी म्हणतो, "पीछे दो भंवर हैं, वहां थोडा लंबा रखना." "मालूम है अंकल," म्हणत तो मशीन चालू करतो. पाच मिनिटांत मागं आरसा धरतो, "ठीक है?" पडलेले केस काय परत चिकटवायचे? मान हलवायची. वर "मसाज? फेशियल? कलर करूं?" हे आहेच. घरी आलो की बायको म्हणते, "आज पण तुरा काढून आलात का?"

दुकानं बदलली, जास्त पैसे मोजले, फोटो दाखवून पाहिला. तुरा तसाच. एखाद्या पोराला माझं डोकं कळायला लागावं, तर तो दुसऱ्या दुकानात गेलेला असायचा, नाहीतर गावी. एकानं मला सरळ सांगितलं, जेवढी डोकी तेवढे पैसे, त्यातले निम्मे मालकाचे. मग माझ्या भोवऱ्यापाशी दहा मिनिटं घालवणं त्याला कुठून परवडायचं?

आणि आप्पांना कसं परवडायचं? या प्रश्नापाशी आलो की माझी तक्रार जरा अडखळते. आप्पा बलुतेदार. वर्षभर घरातली सगळी डोकी करायची आणि सुगीत खळ्यावर पोतं घेऊन उभं राहायचं. तिथं काही पायल्या बाजरी पडायची, तीही आमची वडीलधारी कुरकुरत मोजायची. पाऊस कमी झाला की पायल्या कमी, डोकी मात्र तेवढीच. आप्पांना माझे भोवरे पाठ होते, कारण आमचं घर सोडून जायची त्यांना सोय नव्हती. त्यांच्या मुलांनी मात्र मुंबईची वाट धरली आणि धोकटी खुंटीला टांगून ठेवली.

पुढं वाचनात आलं, १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आपण करायचं नाही, असं तिथं ठरलं. शहरात, संघटनेच्या बळावर, ती माणसं "नाही" म्हणू शकली. गावात एकटे आप्पा कुणाला नाही म्हणणार?

एका वस्तीला मात्र ते नाही म्हणत, तेही गावानं म्हणायला लावलेलं. माझ्या वर्गात महारवाड्यातला एक मुलगा होता. त्याचे केस त्याचा बाप घरीच कापायचा, घरातल्या बोथट कातरीनं. डोकं कायम पायऱ्यापायऱ्यांचं. मास्तरसुद्धा हसायचे. आप्पांची कातर त्या वस्तीत गेली असती, तर गावानं आप्पांचं बलुतं बंद केलं असतं. तो मुलगा पुढं रेल्वेत लागला. पुष्कळ वर्षांनी कल्याण स्टेशनात भेटला तेव्हा माझा तुरा बघून हसला. मी माझं सलूनपुराण सुरू केलं. ऐकून घेऊन म्हणाला, "मी पहिल्यांदा सलूनच्या खुर्चीत बसलो ना, त्या माणसानं जात न विचारता माझ्या गळ्याला कापड बांधलं. डोळे भरून आले माझे."

"आणि केस कसे कापले?" मी विचारलं.

"ते कोण बघतंय!" तो म्हणाला.

चांगले केस कापून मिळावेत हा माझा हट्ट काही गेलेला नाही. पण आता रविवारी जात नाही. कामाच्या दिवशी दुपारी, दुकान रिकामं असताना जातो. "मशीन नको, कैची," एवढं बसायच्या आधी सांगतो, आणि लागणाऱ्या वेळाचे पैसे वेगळे देतो. सध्याचा पोरगा आझमगढकडचा आहे, हात चांगला आहे. घाईत असला की तो दारातच सांगतो, "अंकल, अभी नहीं होगा, शाम को आओ."

आप्पांना असं म्हणता आलं नसतं. मी संध्याकाळी जातो.